भाकरी थापता थापता: माझा पहिला आयडल गेम प्ले स्टोअरवर जाईपर्यंतचे दहा महिने

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि एका पतसंस्थेत हिशेब बघते. प्रोग्रामिंग कधी शिकले नाही. स्वयंपाकाची मात्र हौस आहे, म्हणजे रोजच्या डब्यापलीकडची: घरचा कांदा-लसूण मसाला, कुरडया, सांडगे, लोणची. गेम खेळणं म्हणाल तर बसमध्ये वेळ जावा म्हणून, तेवढंच. तरी २०२५ च्या गुढीपाडव्याला माझा गेम प्ले स्टोअरवर आला. मधल्या दहा महिन्यांत जिथे जिथे अडकले ते तारखांसकट वहीत लिहून ठेवलं होतं. हे सगळं त्या वहीतूनच उतरवलेलं आहे.

सुरुवात जून २०२४ ची. पुतण्या सुट्टीला आला होता आणि लॅपटॉपवर कुकी क्लिकर खेळत होता. एका फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ साली केलेला हा गेम या आयडल, म्हणजे आपोआप चालत राहणाऱ्या, प्रकाराचा जवळजवळ मूळपुरुष मानला जातो. बिस्किटावर टिचकी मारली की एक बिस्किट मिळतं. पुरेशी साठली की आपोआप बिस्किटं करणारं काहीतरी विकत घ्यायचं, मग त्याहून मोठं काहीतरी. तुम्ही झोपा, आकडा वाढतच राहतो. मी मागे उभी राहून बघत होते, हाताला पीठ लागलेलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही दिवसभर थापताच की. ह्यात भाकऱ्या टाका."

थापणं! बोटाने स्क्रीनवर मारायच्या त्या थापेला आपल्याकडे आयता शब्द आहे, हे त्या क्षणी डोक्यात शिरलं ते निघेना.

त्यानेच गोडो इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उतरवून दिलं. (तो गोडॉट म्हणतो, दोन्ही चालतं.) ते पूर्ण फुकट आणि मुक्त स्रोत आहे, आणि माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चाललं. त्यातली भाषा जीडीस्क्रिप्ट. पहिले पंधरा दिवस ओळीच्या डाव्या बाजूची मोकळी जागा चुकली म्हणून लाल अक्षरांत शिव्या खाल्ल्या. रात्री साडेनऊनंतर ओटा आवरून तासभर बसायचे. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) पाणी प्यायला उठल्या की दारातून विचारायच्या, "काय करालीस गं रात्रीची?" भाकऱ्या करतेय म्हटलं की मान हलवून जायच्या.

पतसंस्थेतल्या नोकरीचा उपयोग झाला तो किमती ठरवताना. कुकी क्लिकरमध्ये एकच वस्तू पुन्हा घेताना तिची किंमत दर वेळी १५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे सरळ चक्रवाढ. मी तोच दर उचलला. पहिली चूल (गेममध्ये आपोआप भाकऱ्या करणारी) १० भाकऱ्यांना. दहावी ३५ ला. पन्नासावी नऊ हजार चारशेच्या आसपास आणि शंभरावी एक कोटी दोन लाखांच्या घरात! एक्सेलमध्ये हा तक्ता खाली ओढला तेव्हा मीच दचकले. वर्षानुवर्षं ठेवीदारांना चक्रवाढ समजावून सांगतेय, पण तिचा वेग पोटात जाणवला तो या भाकऱ्यांमुळे. कोणी पहिलाच गेम करत असेल तर आधी असा तक्ता करा, कोड नंतर. तक्त्यात अर्धा तास घालवला की चाचणीतले चार दिवस वाचतात.

पहिल्या आराखड्यात मी सरळ नक्कल मारली होती. कुकी क्लिकरमध्ये आजी विकत घेता येते, म्हणून माझ्याकडे 'सून' आणि 'आजी'. एका दुपारी आईंना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "सून, शंभर भाकऱ्या. दर सेकंदाला एक." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सून काय डंका हाय व्हय, बटण दाबलं की चालू?" (डंका म्हणजे मसाला कुटायचं यंत्र.) मी आजी पुढे केली. "आज्ज्या इकत घ्यायच्या?"

हसण्यावारी नेलं, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. घरात आपोआप काय होतं? बाईमाणूस काहीच आपोआप करत नाही, उभं राहून करते. आपोआप होतं ते दही लागणं. मटकीला मोड येणं. लोणचं मुरणं. कुरडयांच्या गव्हाचा चीक होणं. आपण झोपतो आणि ते काम करत असतात. मग सून आणि आजी दोन्ही पुसल्या आणि गेममध्ये चूल सोडून मागे चालणारं सगळं फक्त अशाच गोष्टींचं ठेवलं. नावही तिथेच मिळालं: 'मुरू दे'.

आईंचा या टप्प्यावरचा वाटा मोठा आहे आणि तो मी श्रेयनामावलीत घातलाय. मी दह्याला चार तास लिहिले होते. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात सहा धर, थंडीत रात्रभर सोड आणि तरी सकाळी हलवू नको. मटकी आठ तास भिजत, मग फडक्यात बांधून रात्रभर. कुरडयांचा गहू तीन दिवस, आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास मारतो. हे शेवटचं ऐकून मला गेमची अडलेली गाठ सुटल्यासारखं झालं. असले गेम लोकांना रोज परत आणण्यासाठी सूचनांचा भडिमार करतात, तो मला नको होता. पण गव्हाचं पाणी बदलायला तर घरातही रोज यावंच लागतं. तेवढ्याच कामासाठी माझ्या गेममध्ये दिवसातून एकदा यायचं. नाही आलात तर चीक वाया, बाकी नुकसान काही नाही.

आपण नसताना किती साठू द्यायचं, हा या प्रकारातला जुना प्रश्न. मर्यादा नसेल तर आठवड्याने परत आलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. मी साठवणीच्या पायऱ्या केल्या: डबा दोन तासांचा, मग रांजण, मग कणगी आणि सगळ्यात शेवटी पेव. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते, हरिपूर आणि सांगलीवाडीच्या बाजूला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. तोंड लहान आणि आत माणूस उतरेल एवढं खोल. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी गेली.

जुलैच्या शेवटी पाऊस लागला आणि काम तीन आठवडे बंद पडलं. पावसाळ्यात सांगलीत माणूस सकाळी उठून आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघतो. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. आम्ही उंचावर आहोत, पण माहेर नदीजवळच्या गावभागात आहे. फोनवर दर तासाला नवा आकडा यायचा. आपण काही करत नसताना वाढत जाणारा आकडा बघून गंमत वाटावी असा गेम मी करत होते, आणि त्या दिवसांत लॅपटॉप उघडायची इच्छाच झाली नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बसले. १५ ऑगस्टला गोडोची ४.३ आवृत्ती आली होती, त्यामुळे एक त्रास वाचला. आधीच्या ४.२ मध्ये ब्राउझरमध्ये चालणारा गेम साइटवर चढवताना एक वेगळी सेटिंग लागायची, ती गरज आता राहिली नाही. पण दुसरा त्रास होताच. लॅपटॉपवर सुंदर दिसणारं मराठी ब्राउझरमध्ये गेलं की नुसते चौकोन. तीन रात्री मी कोडमध्ये चूक शोधत होते. कारण साधं निघालं: गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर तो संगणकातला फॉन्ट उसना घेतो, ब्राउझरमध्ये तशी उसनवारी चालत नाही. एक टाइपचा मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे. तो गेमच्या फोल्डरमध्ये टाकून थीममध्ये निवडला आणि चौकोन गेले. मराठीत गेम करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं. आणि गोडो ३ वरचे जुने धडे बघून शिकू नये, कारण त्यात जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट बसतच नाहीत. ते काम चौथ्या आवृत्तीपासून झालं.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी म्हणजे १ नोव्हेंबरला, इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर ब्राउझरमधली आवृत्ती टाकली. तिथे पैसे लागत नाहीत. सगळ्या फाइली झिप करायच्या, आत इंडेक्स नावाची फाइल असायला हवी, बस. घरात दिवाळीला आलेले सगळे खेळले आणि चौथ्या दिवशी पुतण्याने फराळाच्या ताटावर बॉम्ब टाकला: "काकू, माझ्या भाकऱ्या उणे झाल्या."

खरंच उणे. वजा चिन्ह आणि पुढे लांबलचक आकडा. मी तर म्हटलं, खातं ओव्हरड्राफ्टमध्ये गेलं. झालं होतं असं: याने संगणकाची तारीख २०९९ केली, गेमला वाटलं पंच्याहत्तर वर्षं झाली, सगळ्या भाकऱ्या एकदम जमा. साठवणीची मर्यादा मी चूल सोडून बाकीच्यांना लावली होती, चुलीलाच विसरले होते. आणि जीडीस्क्रिप्टमधल्या पूर्णांकाला वर एक छत असतं, सुमारे ९.२ गुणिले दहाचा अठरावा घात. त्याच्या पुढे गेलं की आकडा उलटून वजात पडतो.

पण या भानगडीतून गेममधली मला सर्वात आवडणारी गोष्ट मिळाली. एवढा मोठा आकडा दाखवायचा कसा? इंग्रजी गेममध्ये मिलियन, बिलियन, ट्रिलियन असतं. मी शाळेत पाठ केलेलं आठवत बसले: एकं, दहं, शतं... कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. म्हणजे ते छत ९२ परार्धांवर होतं! आईंना तिसरीत शिकलेलं सगळं धडाधड आलं, मी मात्र महापद्म आणि शंकूत गोंधळले. आता गेममध्ये 'तीन निखर्व भाकऱ्या' असं दिसतं आणि मुलं विचारतात, निखर्व म्हणजे किती. पूर्णांकाऐवजी दशांश संख्या वापरल्यावर छताचा प्रश्न सुटला. तिच्यात साधारण ९ अंत्याच्या पुढे एकेका भाकरीचा हिशेब नेमका राहत नाही. हिशेबनीस म्हणून जरा टोचलं, मग सोडून दिलं.

ब्राउझरच्या आवृत्तीतली दुसरी अडचण अशी की साठवलेला खेळ ब्राउझरमध्येच राहतो. नवऱ्याने सफाई म्हणून सगळा इतिहास पुसला आणि आईंचं दोन आठवड्यांचं लोणचं गेलं. त्या दिवशी घरात जे वातावरण होतं त्याने ठरवलं, फोनवर आणायचं.

इथून पुढे कागदपत्रं.

प्ले स्टोअरवर विकासक खातं काढायला २५ डॉलर लागतात, एकदाच. ११ जानेवारी २०२५ ला भरायला बसले तर कार्ड नाकारलं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते आपण चालू करायचे. मी स्वतः वित्तीय संस्थेत काम करते आणि हे सहकाऱ्यांना सांगते, पण स्वतःच्या कार्डाचं ध्यानात आलं नाही. बँकेच्या ॲपमधून चालू केलं, पैसे भरले, लगेच बंद केलं. बँकेचं शुल्क धरून २,२३० रुपये गेले.

मग ओळख पडताळणी. खात्यात मी रोज वापरते ते सासरचं नाव घातलं आणि ओळखपत्र जोडलं ते माहेरच्या नावाचं. अर्ज परत आला, योग्यच होतं. नाव दुरुस्त करून पत्त्याच्या पुराव्यासह पुन्हा पाठवला, २० जानेवारीला झालं. त्यानंतर अँड्रॉइड फोन आपल्याकडे आहे याचीही पडताळणी फोनवरच्या ॲपमधून करावी लागते. बायांनो, अर्ज भरायच्या आधी ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच घाला. आणखी एक, गेममधून पैसे कमवायचे असतील तर वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता सर्वांना दिसतो. पैसे नसतील तर नाव, देश आणि ईमेल एवढंच. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नव्हता, म्हणून जाहिराती आणि खरेदी दोन्ही ठेवल्या नाहीत. तसंही भाकरीखाली जाहिरात बरी दिसली नसती.

फोनसाठी फाइल तयार करायला जेडीके १७, अँड्रॉइडची साधनं आणि ग्रेडल लागतं. एक अख्खा रविवार त्यात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की किस्टोअर नावाची फाइल (गेमवर आपली सही उमटवते ती) आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या जागी जपून ठेवा. आणि पॅकेजचं नाव चार वेळा वाचा. मी रात्री बारा वाजता टाइप करताना एक अक्षर गाळलं. एकदा चढवलं की ते नाव बदलता येत नाही. त्यामुळे माझ्या 'मुरू दे'चं कागदोपत्री नाव कायमचं 'मुरदे' राहिलंय. नवरा ते 'मुर्दे' वाचतो.

बाकीचं बिऱ्हाड असं: ५१२ बाय ५१२ चं चिन्ह, १०२४ बाय ५०० चं चित्र, किमान दोन स्क्रीनशॉट, गोपनीयता धोरणाचं पान (माहिती गोळा करत नसलात तरी ते लागतंच), वयोगट आणि आशयाची प्रश्नावली. वयोगटात लहान मुलं निवडलीत की मुलांसाठीचे वेगळे नियम लागू होतात. मी तेरा वर्षांवरचे निवडले.

आता खरी परीक्षा. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. आधी वीस माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून बारा, आणि सलग चौदा दिवस. बारा माणसं कुठून आणायची? आमची भिशी आहे चौदा जणींची. जानेवारीच्या भिशीत भडंग आणि चहा माझ्याकडून असं जाहीर केलं आणि सगळ्यांचे फोन गोळा केले. दोघींचे आयफोन निघाले, त्या बाद. उरल्या बारा. तिघींच्या फोनमध्ये मुलाचं जीमेल खातं होतं आणि त्यांनी मला स्वतःचं दिलेलं, त्यामुळे दुवा उघडेना. यादीत जे ईमेल तेच फोनच्या प्ले स्टोअरमध्ये हवं, हे आधी तपासा.

२ फेब्रुवारीला चौदा दिवस सुरू झाले. नवव्या दिवशी एकीने 'हे काय सारखं येतंय' म्हणून चाचणीतून बाहेर पडायचं बटण दाबलं. उरल्या अकरा, आणि मोजणी मोडली. तिचा दोष नाही, मी काठावर बारा ठेवल्या. ऑफिसमधले चौघं जोडून १२ तारखेपासून पुन्हा सुरुवात केली. चौदा दिवस महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला भरले.

दुसऱ्या दिवशी खुलं करण्याचा अर्ज. त्यात विचारतात: माणसं कशी मिळवली, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. मी ऑफिसच्या फॉर्मसारखं भरलं. "मैत्रिणी. आवडला. काही नाही." ५ मार्चला उत्तर आलं: चाचणी अपुरी, आणखी चौदा दिवस. रडू आलं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री भाकऱ्याही जाड झाल्या.

पण मग भिशीतल्या एकेकीला फोन करून नीट विचारलं आणि लाज वाटली, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर होतं. अक्षर बारीक आहे. थापल्याचा आवाज भाकरीचा नाही, टाळीचा वाटतो. (खरंच टाळीचा होता. मग परातीत पीठ घेऊन, पंखा बंद करून फोनवर खरा रेकॉर्ड केला.) मिठाशिवाय लोणचं मुरतंच कसं? पाणी बदललं की नाही ते कळत नाही. सगळं दुरुस्त केलं, वहीत कोणी काय सांगितलं ते लिहिलं, २० मार्चला तेच सविस्तर अर्जात घातलं. २६ ला मंजुरी आली. गेम तपासणीला दिला आणि ३० मार्चला, गुढी उतरवायच्या आधी, आईंच्या फोनवर शोधून तो सापडला.

आजपर्यंत ६७ जणांनी घेतलाय, त्यातले निम्मे ओळखीचे. एकूण खर्च: खातं २,२३०, माऊस ३५०, भडंग-चहा ६४०, मिळून ३,२२० रुपये. पहिला परका अभिप्राय कराडच्या एका गृहस्थांचा आला. तीन तारे, आणि खाली लिहिलंय, 'ताई, बाजरीची पण टाका.' बाजरीची भाकरी थापताना लवकर फाटते, तर तिच्यासाठी थापेचा वेग कमी ठेवावा लागेल. त्याचा तक्ता मांडायला घेतलाय. ओट्याखाली कुरडयांचा गहू भिजतोय, आज दुसरा दिवस, आणि आई आतून तिसऱ्यांदा विचारतायत, पाणी बदललंस का गं.